चाळीस मिनिटांचं काम

त्या इमारतीत तिला नावानं कोणी हाक मारत नसे. तळमजल्यावरच्या शिंपीकाकांपासून चौथ्या मजल्यावरच्या शिकवणीच्या मॅडमपर्यंत सगळ्यांची ती कवळीताई. दुसऱ्या मजल्यावरच्या एका खोलीत ती कवळ्या करायची. सात-आठ दंतवैद्य आपल्या पेशंटच्या जबड्यांचे साचे तिच्याकडे पाठवायचे. ती त्यांवर मेण चढवून, एकेक दात लावून, तोंडात नीट बसेल अशी कवळी तयार करून द्यायची. खिडकीशी लांब टेबल, टेबलावर छोटा बर्नर, मेण कोरायच्या चार सुऱ्या, आणि भिंतीवरच्या फळीवर प्लास्टरचे जबडे ओळीनं मांडलेले. नवा कुरिअरवाला पहिल्यांदा आला की दारातच थबकायचा. ती मान वर न करता म्हणायची, "या या, चावत नाहीत."

बावीस वर्षं ती हे काम करत होती. दात अगदी सरळ रेषेत लावले तर ते खोटे दिसतात, हे ती पहिल्या दोन वर्षांतच शिकली. म्हणून ती पेशंटचा तरुणपणीचा फोटो मागवून घ्यायची आणि कुठे एखादा दात किंचित तिरका, कुठे एखादा केसभर आत असं करून ती कवळी त्या माणसाची करून टाकायची. आपण केलेलं काम ती रस्त्यात समोरून हसत येणाऱ्या अनोळखी माणसाच्या तोंडातही ओळखायची.

इमारत तशी बरी होती. पुढून लिफ्ट, मागून जिना. मागचा जिना खाली गाड्या लावायच्या आवारात निघायचा आणि तिथल्या लोखंडी दाराचं कुलूप सात महिन्यांपासून तुटलेलं होतं. दार नुसतं लोटलेलं असायचं. जिन्याला खिडकी नव्हती आणि दोन मजल्यांवरचे दिवे गेलेले, त्यामुळे भर दुपारीही पायरी चाचपत उतरावं लागे. आधी शिकवणीच्या एका मुलीच्या हातातून कोणीतरी तिथे फोन हिसकावला. मग महिन्याभरानं शिंपीकाकांच्या कारागिराला एकानं सुरा दाखवला. दोन्ही वेळा सगळे मिळून मॅनेजरकडे गेले.

मॅनेजर म्हणजे मालकाच्या वतीनं इमारतीचं सगळं बघणारा माणूस. पन्नाशीचा, हडकुळा, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. प्रत्येक वेळी त्याचं उत्तर एकच, "साहेबांच्या कानावर घातलंय."

"त्यांच्या कानात बोळे असतील तर ते आधी काढा," कवळीताई म्हणायची. "दाताच्या कण्या केल्या आम्ही. आणि माझ्याइतके दात आणखी कोणाकडे आहेत?"

सगळे हसायचे, मॅनेजरही हसायचा. दार तसंच राहायचं.

त्या मंगळवारी दुपारी चार वाजता लिफ्ट बंद पडली होती. एका दवाखान्याचा माणूस खाली आवारात स्कूटर लावून थांबला होता आणि त्याला तीन कवळ्या द्यायच्या होत्या. कवळीताई डबा हातात आणि पर्स खांद्याला लावून मागच्या जिन्यानं निघाली. पहिल्या मजल्याच्या खालच्या वळणावर अंधारातून एक माणूस वर आला. ती भिंतीकडे सरकली, त्याला वाट द्यायला म्हणून. तो तिला ओलांडून वरच्या पायरीवर गेला आणि त्यानं मागून पर्स ओढली. ती वळली. पर्सचा पट्टा खांद्यावरून घसरून तिच्या मनगटात अडकला, तो सुटेना. माणसानं तिच्या छातीवर पाय दिला आणि ढकललं. नऊ पायऱ्या ती पाठमोरी पडत गेली. शेवटच्या पायरीवर तिचा उजवा हात तिच्याच अंगाखाली आला, आणि काडी मोडावी तसा आवाज तिला स्पष्ट ऐकू आला.

सगळ्यात आधी धावत आला तो मॅनेजर. त्यानं आपला रुमाल सोडून तिचा हात गळ्यात बांधला, शिंपीकाकांना सोबत देऊन तिला इस्पितळात पाठवलं. मग टॉर्च घेऊन तो जिन्यात गुडघ्यांवर बसला आणि पायऱ्यांवर विखुरलेल्या कवळ्या, फुटलेल्या कवळीचे तुकडेसुद्धा, एकेक करून गोळा केले. संध्याकाळच्या आत तो स्वतः ते सगळं दवाखान्यात पोचवून आला. हे तिला चार दिवसांनी कळलं.

मनगटाच्या हाडाचे तीन तुकडे झाले होते. आत धातूची पट्टी बसवली, टाके घातले. हाड जुळलं, पण आतली नस दबली होती. अंगठा आणि शेजारची दोन बोटं बधिर झाली, ती झालीच.

"रोजची कामं जमतील," सर्जन म्हणाले. "बारीक कामाचं मात्र आत्ता सांगता येणार नाही."

"माझं सगळं कामच बारीक आहे, डॉक्टर," ती म्हणाली.

घरी ती आणि सासूबाई, दोघीच. नवरा जाऊन आठ वर्षं झाली होती. सासूबाई पंचाहत्तरीच्या, पण आवाज असा की शेजारच्यांना घड्याळाची गरज पडू नये. त्यांनी सुनेची वेणी घातली, तिला घास भरवले, आणि तीन आठवडे एका शब्दानं काही विचारलं नाही. तेवढ्यात चोर सापडल्याची बातमी आली. दुसऱ्याच कुठल्या चोरीत त्याला पकडलं होतं आणि त्यानं हेही कबूल केलं होतं. भेटायला आलेले लोक म्हणाले, चला, न्याय मिळाला.

लोक गेल्यावर सासूबाईंनी तोंड उघडलं. "आणि मालक?"

"मालकाचं काय, आई? ढकललं चोरानं."

"दार कोणाचं?"

"दार त्यांचंच. पण म्हणून..."

"हे बघ," सासूबाई म्हणाल्या, "वीस वर्षं मी पाळणाघर चालवलं. लोकांची पोरं माझ्या भरवशावर. समजा फाटकाची कडी मोडली, आयांनी मला दहादा सांगितलं, आणि मी आज करते, उद्या करते म्हणत बसले. एक पोर बाहेर गेलं आणि सायकलखाली आलं. तर मी काय सांगायचं त्याच्या आईला? सायकलवाल्याला विचार म्हणून?"

कवळीताईनं गळ्यात बांधलेला हात सावरून घेतला.

"सायकलवाला चुकलाच. त्याला शिक्षा होऊ दे. पण कडी माझी होती ना?"

त्या रात्री नाही, पण दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पिताना ती म्हणाली, "एखादा वकील बघायला हवा."

वकीलबाई तिशीतल्या होत्या. कार्यालय एवढंसं, की दोन खुर्च्या मांडल्यावर दार पूर्ण उघडत नसे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, वहीत टिपलं, आणि मग साध्या शब्दांत सांगितलं, "चोर येणार हे मालकाला स्वप्नात दिसायला हवं होतं, असं कायदा म्हणत नाही. पण धोका आहे हे त्याला ठाऊक होतं का? तो टाळणं त्याच्या हातात होतं का? आणि तरी त्यानं टाळला नाही का? एवढं दाखवता आलं, तर जबाबदारी त्याची. दोन घटना आधीच झाल्यात, हे आपल्या बाजूनं आहे. तुम्ही तक्रार लेखी दिली होती?"

"नाही. सगळं तोंडी."

वकीलबाईंनी पेन खाली ठेवलं. "मग साक्षीदार लागतील."

कवळीताई गळ्यात हात बांधलेलाच इमारतीत गेली. शिंपीकाकांनी खुर्ची दिली, पंखा लावला, आणि मग टेप गळ्याभोवती गुंडाळत-सोडत म्हणाले, "ताई, माझ्या गाळ्याचा करार तीन महिन्यांत संपतोय. मी कोर्टात उभा राहिलो तर साहेब तो वाढवतील का, सांगा तुम्हीच." शिकवणीच्या मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं, पण त्यांचंही तेच. कवळीताईला राग आला नाही. त्यांच्या जागी आपण असतो तर काय केलं असतं, हे तिला खात्रीनं सांगता आलं नसतं. मॅनेजर जिन्याशी दिसला. तिला पाहून तो कुठलीशी किल्ली शोधत आत वळला.

दावा दाखल झाला. मालकाचं उत्तर आलं: इमारतीच्या सुरक्षेबद्दल कोणाचीही लेखी तक्रार कधीही आलेली नाही, जे घडलं ते एका गुन्हेगारानं केलं, त्याला मालक काय करणार. त्याखाली मॅनेजरची सही होती.

ते वाचल्यावर दोन दिवस ती अंथरुणातून उठली नाही. तिसऱ्या दिवशी सासूबाईंनी स्वयंपाकघरातल्या ओट्यावर मेणाची वडी, एक सुरी आणि प्लास्टरचा एक जबडा आणून ठेवला.

"डावा हात कशाला दिलाय देवानं? नुसता टाळ्या वाजवायला?"

"आई, बावीस वर्षं लागली उजव्याला."

"मग लवकर सुरुवात कर."

पहिले दात असे झाले की सासूबाई म्हणाल्या, "हे कोणाच्या तोंडात घातलेस तर तो तुझ्यावर आणखी एक दावा लावेल." दोघी हसून हसून दमल्या. किती दिवसांनी हसलो, हे नंतर दोघींच्या लक्षात आलं. रोज सकाळी तासभर ती डाव्या हातानं मेण कोरायला बसू लागली. आधी सुरी घसरायची. मग कमी घसरायला लागली. उजव्या हाताची ती तीन बोटं काही करू शकत नव्हती, पण साचा धरून ठेवायला पुरत होती.

कोर्टाच्या पहिल्या तारखेला तिनं मालकांना प्रथमच जवळून पाहिलं. सत्तरीचे, ताठ, पांढरा शर्ट. आपल्या वकिलाला ते काहीतरी रागानं सांगत होते आणि बोलताना त्यांचा ओठ वर गेला. कवळीताईनं वकीलबाईंचा हात घट्ट धरला.

"काय झालं?"

"वरचा डावीकडचा सुळा बघा. किंचित बाहेर झुकलाय. तो मी झुकवलाय. दोन वर्षांपूर्वी."

घरी आल्यावर तिनं ते सांगितलं तेव्हा सासूबाईंनी कपाळाला हात लावला. "म्हणजे तुझ्याच दातांनी तुझ्यावर गुरगुरतोय तो!"

साक्षींचा दिवस आला. कवळीताईनं आपलं सांगितलं. मालकाच्या वकिलांनी तिला फार छळलं नाही; फक्त एवढं वदवून घेतलं की तिनं कागदावर कधी काही दिलं नव्हतं. मग त्यांनी मॅनेजरला उभं केलं.

"आपल्याकडे मागच्या दाराबद्दल एखादी लेखी तक्रार आली होती?"

"लेखी नाही," मॅनेजर म्हणाला. तो समोरच्या कठड्याकडे बघत होता.

वकीलबाईंनी प्रश्न विचारले. तोंडी तक्रारी होत्या का? त्याला आठवत नव्हतं. कोणी, कधी? आठवत नव्हतं. त्याच्या गळ्यापाशी घाम दिसत होता, पण तो पाठ केलेल्या उत्तरापासून हलत नव्हता. वकीलबाई खाली बसल्या. कवळीताईला वाटलं, संपलं.

न्यायाधीश बराच वेळ कागद चाळत होते. वयस्कर गृहस्थ, आवाज हळू. त्यांनी चष्मा काढला आणि सहज विचारावं तसं विचारलं, "त्या दाराला आता कुलूप आहे का?"

"आहे, साहेब."

"कधी बसवलं?"

"घटनेच्या दुसऱ्या दिवशी. सकाळी."

"कोणी बसवलं?"

"मीच. नवं कुलूप आणलं, बिजागरी सरळ केली. जिन्यात दोन दिवे लावले."

"किती वेळ लागला?"

किल्ल्यांचा जुडगा आज कमरेला नव्हता, तरी मॅनेजरचा हात तिथे गेला.

"चाळीस मिनिटं," तो म्हणाला.

मालकाचे वकील उठू लागले; न्यायाधीशांनी हातानंच त्यांना थांबवलं.

"चाळीस मिनिटांचं काम," ते म्हणाले. "मग आधी का केलं नाहीत?"

मॅनेजरनं पहिल्यांदा मान वर केली. त्यानं मालकांकडे पाहिलं नाही, कवळीताईकडेही नाही. "मी विचारत होतो, साहेब. चार वेळा विचारलं. साहेब म्हणाले, आता नको, पुढे बघू. फोनवर मेसेज आहेत." मग एकदम त्याचा आवाज फुटला. "त्या पोरीचा फोन गेला तेव्हा विचारलं. सुरा दाखवला तेव्हा विचारलं. मी ताईंना म्हणायचो, कानावर घातलंय. खरंच घातलं होतं हो मी. खोटं नव्हतो बोलत."

त्यानं खिशातून फोन काढला आणि पुढे धरला.

मधल्या सुट्टीत बाहेरच्या बाकावर मालक एकटेच बसले होते. त्यांचे वकील कुठेतरी गेले होते. मालकांनी डाव्या गालावर तळवा दाबून धरला होता आणि जबडा हळूहळू हलवत होते. कवळीताई त्यांच्यासमोरून पुढे गेली, थांबली, आणि परत आली. वकीलबाई "नको, नको" अशी खूण करत होत्या.

"वरची कवळी डावीकडे लागते का?" तिनं विचारलं.

मालकांनी वर पाहिलं. "काय?"

"सहा महिन्यांपूर्वी लागत नसणार. वयानुसार हिरडी बसते. डॉक्टरांना दाखवा, आतून थोडी घासून देतील. उगाच सोसू नका, जखम होईल."

"तुम्हाला काय माहीत?"

"मीच केलीय ती."

मालकांचा हात गालावरून खाली आला. त्यांनी तिच्या उजव्या हाताकडे पाहिलं. मनगटावरचा व्रण बाहीबाहेर दिसत होता, तीन बोटं अर्धवट मिटलेली.

"या हातानं?" त्यांनी विचारलं.

"तेव्हाच्या हातानं," ती म्हणाली आणि वकीलबाईंकडे निघून गेली.

निकाल दोन महिन्यांनी लागला. न्यायाधीशांनी लिहिलं होतं की हात चोरानं उचलला आणि त्याची शिक्षा त्याला वेगळी झाली आहे. पण ज्यानं लोकांना आपल्या जागेत बोलावून तिथे काम करू दिलं, त्याला धोका ठाऊक होता, तो टाळणं सोपं होतं, आणि त्यानं तो टाळला नाही. म्हणून हाताच्या नुकसानीची जबाबदारी मालकाची. वकीलबाईंनी ते परिच्छेद मोठ्यानं वाचून दाखवले. सासूबाईंनी त्यातलं "ठाऊक होता" एवढं दोनदा वाचायला लावलं.

मालक वरच्या कोर्टात जातील असं सगळ्यांना वाटत होतं. ते गेले नाहीत. साक्षीनंतर त्यांनी मॅनेजरला घरी बसवलं होतं. निकालानंतरच्या आठवड्यात त्याला परत बोलावलं आणि एका कागदावर लिहून दिलं की कुलूप, दिवे, कठडे यांच्या दुरुस्तीसाठी त्यानं कोणाला विचारायचं नाही, करून मोकळं व्हायचं. मॅनेजरनं तो कागद चौकटीत घालून आपल्या खोलीत लावला. शिंपीकाकांचा करार वाढला. त्यांनी शरमेनं आठ दिवस कवळीताईकडे यायचं टाळलं, आणि मग एक दिवस तिच्यासाठी कामाचा नवा डगला शिवून आणला. त्याला बटणं नव्हती, डाव्या हातानं लावता येईल अशी वेल्क्रोची चिकटपट्टी होती.

"माप कधी घेतलंत?" तिनं विचारलं.

"बावीस वर्षं बघतोय तुम्हाला," ते म्हणाले.

भरपाईतून तिनं मेण वितळवायचं नवं यंत्र घेतलं आणि मुलं लहान म्हणून काम सोडलेल्या एका ओळखीच्या कारागीर बाईला भागीदार केलं. दात मांडायचे कवळीताईनं, बारीक कोरीव काम भागीदारणीनं, शेवटचा हात पुन्हा कवळीताईनं, डाव्या हातानं. पहिली कवळी दवाखान्यात गेली त्या दिवशी दोघी संध्याकाळपर्यंत फोनकडे बघत बसल्या. पाच वाजता डॉक्टरांचा फोन आला. पेशंट आरशासमोरून उठायला तयार नाही, ते म्हणाले. आणखी दोन साचे पाठवतोय.

दोन आठवड्यांनी एका सकाळी दार वाजलं. मालक होते. मागे मॅनेजर. मालकांच्या हातात जाड पुठ्ठ्याची वही होती.

"बाई, वेळ आहे का?" ते म्हणाले. उभे ताठच होते, पण आवाज जरा ओशाळला होता. "मी या इमारतीत लिफ्टनं येतो, लिफ्टनं जातो. मला काही दिसत नाही. तुम्ही दाखवाल?"

तिनं डगल्याची चिकटपट्टी लावली, बर्नर बंद केला आणि भागीदारणीला म्हणाली, "आलेच मी."

त्यांनी तळापासून सुरुवात केली. शिंपीकाका दुकान सोडून आले, वरून मॅडमही उतरल्या. पुढच्या पायरीची फरशी हलत होती. तिसऱ्या मजल्यावर विजेच्या पेटीला झाकण नव्हतं. प्रत्येक ठिकाणी मालक वहीत स्वतः लिहीत होते, आणि शिंपीकाका "एवढंच नाही" म्हणत आणखी एक सांगत होते. गच्चीवर पोचेपर्यंत मालकांना धाप लागली. त्यांनी कठड्याला हात लावला आणि कठडा हलला. त्यांनी चटकन हात मागे घेतला.

"हा कधीपासून असाय?"

"दोन वर्षं," मॅडम म्हणाल्या. "मुलांना मी इकडे येऊच देत नाही."

मालकांनी मॅनेजरकडे पाहिलं. मॅनेजर आधीच खाली वाकून बोल्ट मोजत होता. "आज संध्याकाळपर्यंत होईल, साहेब," तो म्हणाला.

मालक भिंतीला टेकून श्वास घेत उभे राहिले. ऊन चांगलं वर आलं होतं. खाली आवारात कोणीतरी स्कूटर सुरू करत होतं.

"माझ्या आणखी दोन इमारती आहेत," ते थोड्या वेळानं म्हणाले. "त्याही बघायला याल?"

"येईन," कवळीताई म्हणाली. "आधी पाण्याच्या टाकीचं झाकण बघू. ते त्या कोपऱ्यात आहे."

ती पुढे झाली आणि मालक वही सावरत तिच्या मागोमाग निघाले.